गोदाकाठचा बिबट्या, पिंजरा आणि शासनाचे अधिकार : एका ग्रामपंचायत सदस्याच्या प्रश्नाला उत्तर

निफाड तालुक्यात गोदाकाठी राहणाऱ्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वस्तीलगतच्या उसात बिबट्याची मादी दोन बछड्यांसह वारंवार दिसते, वस्तीवरची कुत्री आणि शेजाऱ्यांची एक शेळी गेली आहे, ग्रामसभेने पिंजऱ्याचा ठराव करून वन विभागाला दिला, पण वनपालांनी नागपूरहून परवानगी यावी लागेल असे सांगितले. गावाचे म्हणणे असे की नाशिकच्या बिबट्यासाठी नागपूरला का विचारायचे, तालुक्यातले सगळे बिबटे पकडून ताडोब्यात किंवा मेळघाटात का सोडू नयेत, आणि वन्यजीवांसाठी एवढे कायदे करणारे शासन शेतकऱ्यासाठी नेमके काय करते. नाशिक जिल्ह्याच्या प्रादेशिक वन विभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली असल्याने तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो. त्यांतला मधला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहिले आहे.

परवानगीचा मुद्दा आधी. वन आणि वन्यप्राणी हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा यादीत, गेले. मूळ कायदा, म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, केंद्राचा आहे आणि त्याची अंमलबजावणी राज्याकडे आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या, पण बिबट्या होता तिथेच, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूची १ मध्ये राहिला. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारण्याबरोबरच त्याला पकडणे, सापळा लावणे आणि आमिष दाखवणेही येते. म्हणजे शेळी बांधून पिंजरा उघडा ठेवणे हे कायद्याच्या दृष्टीने शिकारच आहे, आणि अनुसूची १ मधील प्राण्याच्या बाबतीत कलम ११ नुसार तशी लेखी, सकारण परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. महाराष्ट्रात हे पद प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असते आणि त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. या अधिकाऱ्यांना आपले बहुतेक अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवता येतात, मात्र हा विशिष्ट अधिकार सोपवता येणार नाही असे कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आपल्या वनपालांनी टाळाटाळ केली असे समजू नये. त्यांच्या हातात जे नव्हते तेवढेच त्यांनी सांगितले.

मात्र नागपूरला जाणारा प्रस्ताव इथेच तयार होतो. वनरक्षक आणि वनपाल माहिती गोळा करतात, वनक्षेत्रपाल अहवाल देतात, उपवनसंरक्षक प्रस्ताव पाठवतात, आणि निर्णय घेणाऱ्यांना त्या कागदांपलीकडे काही दिसत नाही. ‘आमच्या गावात बिबट्यांचा सुळसुळाट झाला आहे, तरी तातडीने पिंजरा लावावा’ अशा धाटणीचे ठराव मी ढिगाने वाचले आहेत आणि त्यांतून कोणालाही काहीही ठरवता येत नाही. त्याऐवजी तारीख, वेळ, गट नंबर, प्राणी कोणत्या दिशेने आला आणि कुठे गेला, सोबत पिल्ले होती की नाही, माणूस दिसल्यावर तो निघून गेला की जागेवर थांबला, एवढ्या गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तर त्या अहवालाचा आधार बनतात. माणूस दिसल्यावर तो काय करतो, ही नोंद इतर सगळ्यांपेक्षा मोलाची, आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ पुरावा म्हणून देण्याआधी ते आपल्याच शिवारातले आहेत ना, याची खात्री करावी. एकच चित्रफीत वेगवेगळ्या तालुक्यांच्या नावाने फिरताना दरवर्षी दिसते.

प्राणी बिबट्याच आहे ना, हेही पाहावे लागते. निफाड, सिन्नर, येवला या पट्ट्यात तरस आहे, आणि रात्री दुचाकीच्या उजेडात पाठमोरे दिसलेले तरस बिबट्या म्हणून सांगितले जाते. चालताना बिबट्याची नखे आत ओढलेली असतात, त्यामुळे त्याच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत. कुत्रा आणि तरस यांच्या ठशांत ती उमटतात, आणि तरसाच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. शेळी मेलेली सापडली तर तिचा गळा पाहावा. बिबट्या सहसा गळा किंवा मान पकडतो आणि शिकार आडोशाला ओढत नेतो. मांड्यांवर व पोटाकडे अनेक ठिकाणी फाडलेले असेल आणि जनावर तिथेच पडलेले असेल, तर मोकाट कुत्र्यांच्या टोळीचा संशय आधी घ्यावा. ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

आता दुसरा प्रश्न. सगळे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडावेत, ही मागणी वरवर पाहता सगळ्यांत सोपी आणि दोन्ही बाजूंना न्याय देणारी वाटते, पण हा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वन विभागात २००१ च्या सुमारास मनुष्यवस्तीतील बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून जवळच्या वनक्षेत्रांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या वर्षांत माणसांवर दरवर्षी सरासरी ४ हल्ले होत होते. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरच्या आसपास नेऊन सोडल्यानंतर, २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले, आणि जिथे पूर्वी असा त्रास नव्हता अशा सोडलेल्या ठिकाणांच्या आसपासही हल्ले सुरू झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वन खात्यातील आमच्यासारख्या अनेकांची जुनी समजूत मोडली, आणि त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने बिबट्यांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट पकडणे आणि लांब नेऊन सोडणे यांना विरोध केला गेला.

असे का होते याची कारणे प्राण्याच्या स्वभावात आहेत. प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाखा ठरलेला असतो. त्यातील पाणी, आडोसे, कोणत्या वाटेवर माणसे किती वाजता असतात, कोणत्या वस्तीवर कुत्री बांधलेली असतात, हे सगळे त्याला माहीत असते आणि माणसाला टाळून जगण्याची त्याची सवय याच माहितीवर उभी असते. पिंजऱ्यात सापडल्यावर तो तारेला धडका देतो, दात मोडतात, नखे उखडतात, भोवती शेकडो माणसांचा गोंगाट असतो. अशा अवस्थेतला प्राणी अनोळखी ठिकाणी सोडला की तिथे आधीपासून दुसरा बिबट्या असतोच. तो याला हुसकावतो, मग हा परतीच्या दिशेने निघतो आणि वाटेतल्या अनोळखी गावांतून चालत राहतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला गळ्यात उपग्रह-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले होते. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. सुमारे महिनाभरात तो १२० किलोमीटरच्या आसपास चालत, कसारा परिसरातून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्याने वाटेत कोणाला इजा केली नाही, ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते. माझ्या मते त्यातला विचार करण्यासारखा भाग वेगळाच आहे : सोडलेला प्राणी सोडल्या जागी राहत नाही.

इकडे आपल्या शिवारात काय होते, तेही पाहावे. जागा रिकामी राहत नाही. आडोसा, पाणी आणि भक्ष्य तसेच असल्यामुळे जवळपासचा, बहुधा आईपासून नुकताच सुटा झालेला तरुण प्राणी तिथे येतो, आणि तो जुन्या मादीपेक्षा अननुभवी असतो. एका हंगामात तीन-चार बिबटे पकडूनही पुढच्या हंगामात तक्रारी तेवढ्याच राहिल्या, हा अनुभव गोदाकाठच्या कोणत्याही जुन्या वनरक्षकाला विचारावा. ताडोबा आणि मेळघाट यांविषयी सांगायचे, तर ती वाघांची जंगले आहेत आणि तिथेही बिबटे आहेत. उसात जन्मलेला आणि कुत्र्यांवर वाढलेला बिबट्या तिथे सोडल्यास तो जंगलाच्या आत न राहता भोवतालच्या गावांकडे जाईल. चंद्रपूर जिल्ह्यातील गावांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. त्यांच्या दारात आपला प्रश्न नेऊन टाकण्याची मागणी नाशिकने करू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

आपल्याकडचा बिबट्या जंगल तुटल्यामुळे बाहेर आला, हे विधान भाषणांतून नेहमी होते, पण गोदाकाठच्या बाबतीत ते अर्धवट आहे. निफाड तालुक्यात मुळात दाट जंगल नव्हते. दारणा, गंगापूर, पालखेड, करंजवण या धरणांनी आणि कालव्यांनी पाणी आले, ऊस आला, आणि दहा-बारा महिने हलत नसलेला, आत उन्हाळ्यातही थंड राहणारा, माणूस क्वचितच शिरतो असा आडोसा तयार झाला. लगत वस्त्या, वस्त्यांवर कुत्री, कुक्कुटपालनाच्या शेडमागे टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, नाल्यात रानडुकरे आणि घुशी. अनेक पिढ्या उसातच जन्मलेल्या बिबट्यांच्या लेखी हेच घर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या खोऱ्यात, स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. अकोले आपल्या सिन्नर-इगतपुरीच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे हे चित्र आपल्यापेक्षा फार वेगळे मानण्याचे कारण नाही.

त्याच परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे खाणेही तपासले गेले. खाद्याच्या वजनाचा विचार करता ८७ टक्के भाग पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांचा वाटा ११ टक्के, आणि तोही त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असताना. शेळी रात्री बंदिस्त असते आणि दिवसा तिच्यामागे गुराखी असतो. कुत्रे मोकळे असते. एवढ्या एका फरकाने बिबट्याचे जेवण ठरते, आणि वस्तीवर काय करायचे याचे उत्तरही यातूनच निघते.

गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वर छत असले पाहिजे. तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला जुनी साडी बांधलेल्या गोठ्याला बंदिस्त म्हणता येत नाही, कारण बिबट्या चढतो आणि दोन-तीन मीटरची भिंत त्याला अडवत नाही. मेलेली कोंबडी, वासरू किंवा व्यालेल्या जनावराची वार उघड्यावर न टाकता खोल पुरावी. मोकाट कुत्र्यांची संख्या हे ग्रामपंचायतीचे काम आहे आणि ते बिबट्याच्या कामाइतकेच निकडीचे आहे. गावे मात्र त्यावर ठराव करत नाहीत, कारण कुत्र्यांवर बोलल्याने बातमी होत नाही. घर आणि ऊस यांच्यामध्ये निदान काही ओळींचे मोकळे अंतर ठेवावे, आणि अंगणातला दिवा अंगणावर पडेल असा न लावता उसाच्या कडेवर पडेल असा लावावा. मुले अंधार पडल्यावर एकटी अंगणात नसावीत आणि शौचाला बाहेर जाणे पूर्ण बंद व्हावे, हे दोन नियम सगळ्यांत आधी पाळावेत. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, आणि गवत कापणाऱ्या, भाजी खुडणाऱ्या बायका आणि लहान मुले यांच्यावर हल्ले अधिक होण्यामागचे हे एक कारण आहे. उभ्या, बोलत चाललेल्या माणसाला तो बहुतेक वेळा वाट देतो. म्हणून संध्याकाळी मळ्यातून जाताना मोबाइलवर गाणी लावावीत, हातात बॅटरी आणि काठी असावी.

रात्रीच्या पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे आणि तो वन विभागाच्या हातात नाही. शेतीपंपाची लाइट पाळीने रात्रीची आली की शेतकऱ्याला बारे द्यायला उसात उतरावेच लागते, आणि बिबट्याच्या हिंडण्याची वेळही तीच असते. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम राज्यात सुरू आहे. बिबट्यांच्या तक्रारी असलेल्या फीडरांना त्यात प्राधान्य मिळावे, अशी मागणी ग्रामसभेने ठरावाने, गट नंबर आणि घटनांच्या तारखा जोडून महावितरणकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. पिंजऱ्याच्या ठरावापेक्षा या ठरावाने अधिक जीव वाचतील, असे माझे ठाम मत आहे.

याचा अर्थ पिंजरा कधीच लावू नये असा नाही. माणसावर हल्ला झाला, विशेषतः तो माणसाला भक्ष्य समजून झाला असे जखमांवरून आणि परिस्थितीवरून दिसले, किंवा एखादा प्राणी माणसाला न जुमानता दिवसाढवळ्या वारंवार घरांत शिरू लागला, तर त्याला पकडणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यात एका दिवसाचीही ढिलाई नको. अशा वेळी परवानगी लवकर येते. तरीही पिंजऱ्यात आलेला पहिला बिबट्या हाच हल्ला करणारा असेल असे धरून चालता येत नाही, म्हणून जखमेवरील लाळेचे आणि पकडलेल्या प्राण्याचे नमुने जुळवून पाहणे, ठसे आणि कॅमेऱ्यातील ठिपक्यांची रचना तपासणे आवश्यक ठरते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपके वेगळे असतात. ठार मारण्याची परवानगी त्यानंतरची पायरी आहे. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती देता येत नाही. मात्र स्वतःवर किंवा दुसऱ्यावर प्रत्यक्ष हल्ला होत असताना सद्भावनेने केलेल्या बचावात प्राणी मेला तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलम ११ मध्ये लिहिले आहे. याउलट विष घालणे, फास लावणे किंवा कुंपणात वीज सोडणे यांना तिथे जागा नाही. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद आहे, आणि विजेच्या तारेने आजवर बिबट्यांबरोबर शेतमजूरही मेले आहेत.

पकडलेला बिबट्या जन्मभर कुठे ठेवायचा, हा त्यापुढचा प्रश्न. जुन्नरजवळचे माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र सगळ्यांना माहीत आहे, पण अशा केंद्रांची जागा, कर्मचारी आणि रोजच्या मांसाचा खर्च यांना मर्यादा आहेत. नसबंदीचीही हल्ली बरीच चर्चा आहे. तिचा प्रयोग व्हायला हरकत नाही, परंतु नसबंदी केलेला बिबट्या त्याच रात्री शेळी उचलणे थांबवत नाही. तिचा परिणाम दिसायचा असला तर बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच मोठ्या संख्येने ती केल्यावर दिसेल. संख्येविषयीही एक खुलासा करतो. २०२२ च्या देशव्यापी अंदाजात भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले गेले, पण ती मोजणी प्रामुख्याने वाघ असलेल्या राज्यांच्या वनक्षेत्रांतली आहे. गोदाकाठच्या उसातले बिबटे त्यात मोजलेले नाहीत. तेव्हा ‘जिल्ह्यात इतके शे बिबटे आहेत’ असे कोणी सभेत सांगितले तर तो आकडा कुठून आला, हे विचारावे.

तिसऱ्या प्रश्नात एक तक्रार दडलेली आहे, की शासन प्राण्यांचे करते आणि माणसांचे करत नाही. राज्यात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, आपल्याच जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य, येवल्याकडे काळविटांसाठी ममदापूर, शहरालगत बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. या सगळ्यांना आखलेली हद्द आहे, व्यवस्थापन आराखडा आहे, तिथे नेमलेली माणसे आहेत. आपला बिबट्या मात्र खासगी मालकीच्या शेतात राहतो, जिथे वन विभागाचा एक इंचही ताबा नाही, आणि त्याची जबाबदारी प्रादेशिक विभागाच्या ज्या वनरक्षकावर आहे, त्याच्याकडे रोपवने, अतिक्रमणे, वणवे, वृक्षतोडीच्या परवानग्या आणि आरागिरण्यांची तपासणी हेही असते. राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापनातली ही माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव आहे : वन्यप्राणी जिथे माणसाला खेटून राहतात, तिथे त्यासाठी वेगळी, प्रशिक्षित, कायम तैनात फळी हवी. काही ठिकाणी जलद प्रतिसाद पथके झाली आहेत आणि त्यांचा उपयोग दिसतो, पण उसाच्या पट्ट्याचा विस्तार पाहता ती पुरेशी नाहीत. लोकप्रतिनिधींकडे मागायचे असेल तर हे मागावे.

भरपाईबाबत मात्र महाराष्ट्राची तरतूद बरी आहे आणि लोक तिचा पुरता लाभ घेत नाहीत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मृत्युमुखी पडल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास ७ लाख ५० हजार आणि गंभीर जखमी झाल्यास ५ लाख रुपये अर्थसाहाय्य मिळते. मृत्यूच्या प्रकरणात काही रक्कम लगेच हातात येते आणि उरलेली वारसांच्या नावे मुदत ठेवीत जाते. गाय, म्हैस किंवा बैल गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, शेळी-मेंढी गेल्यास ७५ टक्के किंवा १५ हजार, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. जनावर मेल्यावर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कार्यालयाला कळवावे, पंचनामा आणि पशुवैद्यकीय तपासणी होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये, आणि रात्रीतच फोटो काढून ठेवावेत. ‘हॅलो फॉरेस्ट’ची १९२६ ही मोफत सेवा यासाठी वापरता येते. आपल्या शेजाऱ्यांनी शेळीचा अर्ज केला आहे की नाही, हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही. केला नसेल तर त्या नुकसानीची सरकारदरबारी नोंदच नाही, आणि पुढे प्रस्ताव पाठवताना ती घटना धरता येत नाही. जखम झालेल्या माणसाच्या बाबतीत भरपाईआधी एक गोष्ट करायची असते : बिबट्याचे नख लागले तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीज व धनुर्वाताची लस घ्यावी. हळद, चुना, तंबाखू काहीही लावू नये.

गर्दीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बिबट्या घरात, गोठ्यात किंवा विहिरीत अडकल्याच्या घटनांत माणसे जखमी होतात ती बहुतेक वेळा जमावामुळे. बेशुद्धीचे इंजेक्शन लागल्यावर औषध चढायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात चारी बाजूंनी आरडाओरडा झाला तर घाबरलेला प्राणी समोर दिसेल त्याच्या अंगावर जातो. पोलीस पाटलांनी गर्दी शंभर-दोनशे मीटर मागे ठेवावी. गरज पडल्यास तहसीलदारांमार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी करता येते. विहिरीत पडलेल्या बिबट्याला दोर बांधून बाज सोडली की तो तिच्यावर बसून दम घेतो आणि पथक येईपर्यंत बुडत नाही. बिनकठड्याच्या विहिरींना कठडे बांधून घेणे हेही ग्रामपंचायतीलाच करता येण्यासारखे आहे.

राहिली आपली मादी आणि तिचे बछडे. तिने आजवर माणसावर चाल केलेली नाही, आणि पिलांजवळ असूनही ती निघून जाते असे आपणच लिहिता. अशा मादीला पिंजऱ्यात घेतले तर मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरतील, किंवा पुरेशी मोठी असतील तर शिकार न शिकताच वस्तीवर येतील, कारण बछडे दीड वर्षाच्या आसपास आईजवळ राहून शिकतात. म्हणून या प्रकरणात पिंजरा लावू नये, असेच मी म्हणेन.

आपल्याकडे ऊसतोड सुरू व्हायची आहे, तेव्हा ती कशी करायची ते आताच ठरवावे. टोळीच्या मुकादमाला आणि कारखान्याच्या शेतकी कर्मचाऱ्याला मादीची माहिती द्यावी, तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) उसाच्या कडेला न टाकता मोकळ्या रानात टाकाव्यात आणि तोडकऱ्यांच्या मुलांना फडाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर झोपवू देऊ नये. तोड चारी बाजूंनी आत न नेता वस्तीच्या बाजूने सुरू करून नदीकडे किंवा शेजारच्या उभ्या उसाकडे सरकवावी, म्हणजे तिला जायला वाट राहते. सकाळी पहिला कोयता लावण्याआधी फडाभोवती डबे वाजवून थोडा वेळ थांबावे. ऊस पेटवून देऊ नये. बछडे आतच जळतात आणि मग मादी त्या शिवारातून हलत नाही. बछडे सापडले तर त्यांना हात न लावता, फोटोसाठी उचलून न घेता, तेवढा भाग सोडून काम थांबवावे आणि वन विभागाला कळवावे. कर्मचारी त्यांची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि आसपास माणसे नसतील तर मादी बहुतेक वेळा त्याच रात्री त्यांना घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्रीही तीच जागा, तोच क्रेट ठेवावा लागतो, आणि तोवर त्या फडाची तोड एक दिवस पुढे ढकलण्याबाबत मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे.